घोड्यावरचा कर्नल आणि रस्ता

प्रिय विनायक,

पत्र पोचलं. अमेरिकी लष्करातल्या कर्नल चार्ल्स यंगची घोड्यावरची वॉशिंग्टनवारी तुला फार भावली, हे कळलं. सगळ्यांना तीच भावते. माझ्या मते मात्र त्याचा खरा कस लागला तो १९०३ च्या उन्हाळ्यात, एका रस्त्यावर. म्हणून आधी रस्त्याचं लिहितो.

यंग तेव्हा नवव्या घोडदळात कॅप्टन होता. जन्म १८६४ चा, केंटकीत, गुलाम आईबापांच्या पोटी. १८८९ साली वेस्ट पॉइंटमधून, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीतून, बाहेर पडलेला तो तिसरा कृष्णवर्णीय अधिकारी. कॅलिफोर्नियातलं सेक्वोया राष्ट्रीय उद्यान (सेक्वोया म्हणजे तिथले महावृक्ष) १८९० साली जाहीर झालं खरं, पण ते सांभाळणारं खातं १९१६ पर्यंत नव्हतंच. मधली बरीच वर्षं लष्कराच्या तुकड्या उन्हाळ्यात यायच्या आणि बर्फ पडायच्या आत परतायच्या. १९०३ साली पाळी आली यंगच्या कृष्णवर्णीय शिपायांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ छावणीतून ते सोळा दिवसांची मजल मारून पोचले. यंग प्रभारी अधीक्षक झाला. कुठल्याही अमेरिकी राष्ट्रीय उद्यानाचा तो पहिला कृष्णवर्णीय अधीक्षक.

अडचण अशी की, ज्या महावृक्षांसाठी उद्यान केलं त्या जायंट फॉरेस्टपर्यंत गाडी जात नव्हती. कावेआ कॉलनी नावाच्या सहकारी वसाहतीनं लाकूड उतरवायला आधी एक रस्ता खोदला होता, पण तो त्यांच्या आरागिरणीपाशीच संपायचा. पुढचा तुकडा वर्षानुवर्षं रेंगाळलेला. यंगनं तो एका हंगामात संपवला. ऑगस्टमध्ये गाड्या जायंट फॉरेस्टमध्ये शिरल्या, आणि लगेच मोरो रॉक नावाच्या ग्रॅनाइटच्या सुळक्याकडचा रस्ता सुरू झाला.

हे काम किती किचकट, ते डोंगरात रस्ता केलेल्यालाच कळेल. भरलेली गाडी ओढणाऱ्या जनावरांना शंभर फुटांत आठ-दहा फुटांहून जास्त चढ झेपत नाही. म्हणून उंची गाठायची तर लांबी वाढवावी लागते, आणि लांबी वाढली की ग्रॅनाइट जास्त फोडावा लागतो. तोही पहारीनं भोकं पाडून, सुरुंगाची दारू ठासून. डोंगराकडची बाजू कापायची आणि तोच भराव दरीकडे टाकायचा. भराव नीट चोपला नाही तर पहिल्याच वसंतात, बर्फ वितळलं की, कडेचा भाग खचतो. घाटरस्ता चाकांनी मरत नाही, पाण्यानं मरतो. डोंगराच्या अंगाला गटार हवं, ठरावीक अंतरावर मोऱ्या हव्यात, आणि मोरी पालापाचोळ्यानं तुंबली की पाणी रस्त्यावरूनच वाट काढतं. हंगाम चार-पाच महिन्यांचा, म्हणजे चुकलेलं दुरुस्त करायला पुढचं वर्ष उजाडतं. मजूर स्थानिक, देखरेख लष्कराची. गोऱ्या मजुरांवर कृष्णवर्णीय कॅप्टन, १९०३ साली! यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

राखणीचं काम आणखी चमत्कारिक होतं. उद्यानात मेंढ्या घुसवणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाच नव्हता. योसेमिटी या कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या उद्यानात लष्करानं त्यावर नामी तोड काढली होती: धनगराला एका सीमेबाहेर सोडायचं आणि कळप दुसऱ्या टोकाच्या सीमेबाहेर. तो परत कळपापाशी पोचेपर्यंत मेंढ्या पांगलेल्या. उद्यानाच्या पोटात खासगी जमिनीही होत्या. त्या सरकारनं विकत घ्याव्यात अशी शिफारस यंगनं केली. कुंपणापेक्षा सातबारा महत्त्वाचा, हे त्यानं ओळखलं होतं (तिकडे सातबारा नसतो, पण तुला कळलं).

रेंजरच्या, म्हणजे उद्यानरक्षकाच्या, टोपीबद्दल विचारलंस. चारी बाजूंनी चिमटलेला तो माथा या घोडदळाच्या काळातलाच. तसं चिमटलं की माथ्यावर पाणी साचत नाही.

आता तुझी घोडेस्वारी. १९१७ साली अमेरिकेवर पहिल्या महायुद्धात उतरायची वेळ आली तेव्हा वैद्यकीय तपासणीवर बोट ठेवून यंगला निवृत्त केलं. त्याआधी दक्षिणेतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्यानं त्याच्या हाताखाली काम करायला कुरकुर केली होती आणि ती थेट अध्यक्ष विल्सनपर्यंत गेली होती. आपण धडधाकट आहोत हे दाखवायला जून १९१८ मध्ये तो ओहायोतल्या विल्बरफोर्सहून घोड्यावर वॉशिंग्टनला निघाला: ४९७ मैल, पुन्हा सोळाच दिवस. दर तासातली पंधरा मिनिटं तो पायी चालत होता. घोडा टिकवायची घोडदळाची ही जुनी रीत. त्याला सेवेत परत घेतलं, पण युद्धबंदीच्या जेमतेम पाच दिवस आधी. आजार मात्र खोटा नव्हता. ८ जानेवारी १९२२ रोजी तो नायजेरियातल्या लागोसमध्ये मूत्रपिंडाच्या विकारानंच गेला. ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळायला २०२२ साल उजाडलं.

एक राहिलं. रस्ता झाल्यावर एका सेक्वोयाला त्याचं नाव द्यायचा बेत निघाला. त्यानं बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाचं नाव सुचवलं आणि स्वतःपुरतं सांगितलं की, वीस वर्षांनीही असंच वाटलं तर बघा. वीस वर्षं भरायच्या आधीच तो गेला. शंभर वर्षं उलटल्यावर एका झाडाला त्याचं नाव मिळालं. बघायला गेलास तर पायवाट सोडू नकोस. एवढ्या प्रचंड झाडाची मुळं जेमतेम पाच-सहा फूट खोल असतात आणि पसरतात मात्र शंभर फुटांवर. वरची माती पायांनी दाबली गेली की त्यांना पाणी मिळत नाही.

तुझा,
अरविंद