मुलाखतीच्या वेळी समोर कोण होते, तेही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली, आणि पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे समोर आले. हे आकडे तेव्हापासून लेखांतून आणि भाषणांतून दिले जातात, आणि ते दिले जायलाच हवेत. परंतु असे आकडे ज्या मुलाखतींवर उभे राहतात त्या कशा घेतल्या जातात, याविषयी आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. समाजशास्त्र शिकवण्यात आणि विद्यार्थ्यांना घेऊन ऊसतोडीच्या तळांवर हिंडण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

एका तळावर माझी विद्यार्थिनी छापील प्रश्नावलीतला प्रश्न वाचत होती : "आपली गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का?" समोरची बाई भाकरी थापता थापता "नाही" म्हणाली. तेवढ्यात शेजारच्या कोपीतल्या (पाचटाच्या झोपडीतल्या) म्हातारीने सांगितले, "अगं, पिशवी काढली का म्हणून इचार की तिला." तसे विचारताच उत्तर आले, "हां, काढली ना, दुसऱ्या पोरानंतर." बाई खोटे बोलली नव्हती, प्रश्नच तिच्या भाषेत नव्हता. पहिल्या उत्तरावर खूण करून विद्यार्थिनी पुढच्या कोपीकडे गेली असती, तर एक चुकीची नोंद कायमची होऊन बसली असती. पुढे अर्धा तास ती बाई आपणहून बोलत राहिली : अंगावरून जायचे, पाळीच्या दिवसांतही डोक्यावरून मोळ्या वाहाव्या लागायच्या, खाडा झाला की उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या, हिशेबात पैसे कापले जायचे, आणि डॉक्टर म्हणाले की पिशवी काढली म्हणजे त्रास संपेल. दवाखान्याच्या कागदावरून शस्त्रक्रियेची तारीख कळते. ती तिने का करून घेतली, हे मात्र तिच्याखेरीज कुणी सांगू शकत नाही, आणि मुलाखतीला पर्याय नाही असे मी म्हणते ते याचसाठी.

त्याच संध्याकाळी मजुरांना उचल देऊन कामावर आणणारा मुकादम येऊन आमच्या मागे उभा राहिला आणि तळावरची उत्तरे बदलली. उचल किती, हे बायकोला विचारले तर नवरा सांगू लागला, तोही मुकादमाच्या तोंडाकडे पाहत. आमच्या कागदावर दुपारची आणि संध्याकाळची उत्तरे सारख्याच रकान्यांत बसली. त्यांच्यातला फरक दाखवायला त्या प्रश्नावलीत जागाच नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा धोका ओळखलेला आहे. तेथे घरगुती हिंसाचाराचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला, एकांतात विचारले जातात, आणि एकांत मिळाला नाही तर ते विचारलेच जात नाहीत. जातीविषयी, कर्जाविषयी किंवा मजुरीविषयी विचारताना एवढी दक्षता घेतलेली मी क्वचितच पाहिली.

प्रश्नाच्या मांडणीने काय होते, याचे मोठे उदाहरण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, म्हणजे घरोघरी खर्च विचारणाऱ्या सरकारी पाहणीच्या, ५५ व्या फेरीचे आहे. १९९९-२००० मधील त्या फेरीत अन्नावरचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा एकाच मुलाखतीत विचारला गेला, त्यामुळे एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम होण्याची शक्यता होती. दारिद्र्याचे प्रमाण १९९३-९४ मधील सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले, आणि त्यातली खरी घट किती व विचारण्याच्या पद्धतीचा परिणाम किती, यावर अर्थतज्ज्ञ पुढे अनेक वर्षे वाद घालत राहिले. कोट्यवधी गरिबांची मोजदाद अशी एका प्रश्नाच्या मांडणीवर हेलकावत असेल, तर ती मांडणी वाचकांनाही कळली पाहिजे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुलाखतींवर आधारलेला कोणताही शासकीय अहवाल प्रसिद्ध करताना त्यासोबत मूळ मराठी प्रश्नावली, मुलाखतीची जागा व वेळ, त्या वेळी आणखी कोण हजर होते याची नोंद आणि किती जणांनी उत्तर देण्यास नकार दिला याची संख्या द्यावी. उत्तर देणाऱ्यांची नावे मात्र कोठेही येऊ नयेत. मुलाखत घेणाऱ्यांना भरलेल्या फॉर्मामागे पैसे न देता दिवसाचे मानधन द्यावे, म्हणजे म्हातारीचे बोलणे ऐकायला ते थांबतील. आपल्या वार्ताहरांनीही अशा अहवालांची बातमी देताना एवढे तपशील मागून घ्यावेत, अशी विनंती आहे.

आपली,
समाजशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, अंबाजोगाई