ती दोन मिनिटं माझीही आहेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला शिक्षक-मूल्यमापनावरचा लेख वाचला. सत्राच्या शेवटी शिक्षकांबद्दल भरायचा अभिप्रायाचा फॉर्म विद्यार्थी मोबाइलवर दोन मिनिटांत उरकतात, त्यांना गांभीर्यच नाही, हे वाचून राहवलं नाही. लेखकांचा आदर ठेवूनच विचारते, त्यांनी तो फॉर्म स्वतःच्या फोनवर कधी उघडून पाहिला आहे का?

मी पदव्युत्तर वर्गात शिकते. गेल्या सत्राच्या शेवटी मी तो भरला. चोवीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच गोल. तक्ता सरळसरळ संगणकाच्या पडद्यासाठी आखलेला. फोनवर त्यातले पहिले दोनच रकाने दिसतात, 'पूर्णपणे सहमत' आणि 'सहमत'. 'असहमत' गाठायचं तर पडदा बाजूला सरकवा, आणि सरकवला की प्रश्न दिसेनासा होतो. सातव्या-आठव्या प्रश्नाला पोहोचेपर्यंत रकान्यांची नावंही वर निघून जातात, कुठला गोल कशाचा ते आठवून बोट टेकवायचं. यातून 'विद्यार्थी समाधानी' असा अहवाल निघाला तर तो आमच्या समाधानाचा नाही, पडद्याच्या रुंदीचा आहे.

तरीही मी तो नीट भरला, कारण मला एका मॅडमांबद्दल लिहायचं होतं. संख्याशास्त्रातला एक भाग निम्म्या वर्गाला कळलेलाच नाही, हे त्यांनी आमच्या चाचणीच्या पेपरांवरून ओळखलं आणि तो पुन्हा पहिल्यापासून शिकवला, सगळी उदाहरणं बदलून. हे पाच गोलांत कुठे बसवणार? म्हणून शेवटच्या अभिप्रायाच्या चौकटीत लिहायला घेतलं. चौकट दोन ओळींची, कीबोर्डाने अर्धा पडदा अडवलेला, आधीचं वाक्य काय होतं तेही दिसेना. अर्धा तास गेला. 'सबमिट' दाबलं तर 'सेशन संपले आहे, पुन्हा लॉगिन करा'. लिहिलेलं सगळं गेलं, चोवीस उत्तरांसकट.

दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीट निघत नव्हतं. मग मी वरपासून खालपर्यंत 'सहमत' करत गेले आणि चौकट कोरी ठेवली. लेखातली ती दोन मिनिटं माझीही आहेत. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्या मॅडम कंत्राटी आहेत आणि पुढच्या सत्राला बोलावताना याच फॉर्मचे गुण बघतात, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

ऑनलाइन फॉर्मना प्रतिसाद कमी मिळतो, हे आजचं नाही. उच्च शिक्षणाचे अभ्यासक डंकन नल्टी यांनी २००८ मध्ये आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले, त्यात कागदी फॉर्मना सरासरी ५६ टक्के प्रतिसाद होता आणि ऑनलाइनला ३३. कागद वर्गात वाटला जायचा, शिक्षक बाहेर जाऊन थांबायचे, हातातलं भरूनच मुलं उठायची. तीच दहा मिनिटं वर्गात फोनवर का देत नाहीत? एका वेळी एकच प्रश्न दिसू दे, दिलेलं उत्तर तिथल्या तिथे जतन होऊ दे, आणि हे सगळं परीक्षेच्या आधी दोन-तीन आठवडे होऊ दे. हॉल तिकीट अडवून आकडा शंभर टक्क्यांवर नेता येईल, पण त्यात माझ्यासारखी उत्तरंच भरलेली असतील.

आणखी एक. फॉर्मच्या वर 'आपली ओळख गुप्त राहील' असं लिहिलेलं असतं आणि लॉगिन मात्र स्वतःच्या परीक्षा क्रमांकाने करावं लागतं. माझ्या ऐच्छिक विषयाला आम्ही सहाच जणी आहोत. कोणती तक्रार कोणाची, हे ओळखायला कितीसा वेळ लागणार? आमच्यातल्या एकीने काही खरं लिहिलं होतं, तर पुढच्याच तासाला तिच्याकडे बघून त्यावर बोललं गेलं. तेव्हापासून तिने चौकटीत एक शब्द लिहिलेला नाही.

या पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक विद्यार्थिनी