आई-बाबा, घराच्या वाटणीचा ग्रुप काढण्याआधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात एकच ॲपचं नाव सांग, लेक्चर नको, आणि मी सांगायला लागले तर दोन मिनिटांत 'कळलं कळलं' म्हणून फोन आईच्या हातात दिलात. म्हणून आता सगळं टाइप करून पाठवतेय. मोठं झालंय, चष्मा लावून वाचा, नाहीतर आई तू वाचून दाखव म्हणजे मधे मधे 'बघा, मी म्हणत नव्हते' पण म्हणता येईल तुला.

तर आधी उत्तर. राजापूरच्या घराच्या विषयासाठी व्हॉट्सॲपच ठेवा. आणि आपल्या चौघांसाठी, म्हणजे तुम्ही दोघं, दादा आणि मी, सिग्नल. दोन वेगळे ग्रुप, दोन वेगळी ॲप. आता का ते सांगते.

बाबा, तुमचा प्रश्न होता की 'सगळ्यात सेफ कुठलं'. पण घराचे वारस किती आहेत बघा, दोन्ही काका, बडोद्याची आत्या, मोठ्या काकांची मुलं, त्यांच्यातला एक दुबईला, मग प्रत्येकाची बायको नाहीतर नवरा 'मलाही ॲड करा' म्हणणार, म्हणजे वीस-बावीस माणसं सहज होतात. वीस जणांनी वाचलेली गोष्ट खाजगी कसली. कुलूप कितीही भारी लावा, किल्ल्या वीस जणांच्या खिशात आहेत. अमेरिकेत २०२५ च्या मार्चमध्ये काय झालं आठवतंय ना, त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराने येमेनवरच्या हल्ल्यांची चर्चा करायला सिग्नलवर ग्रुप काढला, उपाध्यक्ष, संरक्षणमंत्री सगळे त्यात, आणि चुकून 'द अटलांटिक' मासिकाच्या संपादकालाच ॲड केलं. त्याने सगळं वाचलं आणि छापलं. सिग्नलमध्ये काही बिघाड नव्हता, माणूस चुकीचा आत आला एवढंच. मग आपल्याकडे तर काय, दुबईवाल्याचा सासरा सगळं वाचत असतो हे आईनेच मला सांगितलंय.

म्हणून माझं म्हणणं असं की वारसांच्या ग्रुपवर लिहायचं ते सगळ्यांना कळलं तरी चालेल एवढंच. मीटिंग कधी, वकिलांनी काय कागद मागितले, छपराचे पत्रे उडाले त्याचा खर्च किती आला, हे. 'त्याला किती हिस्सा द्यायचा', 'तिने आजीचं काही केलं नाही', असलं काही तिथे नको, ते आपल्या चौघांत.

व्हॉट्सॲपच का म्हणते, तर आत्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती नवीन ॲप शिकणार नाही, आणि जिथे आत्या नाही तिथे झालेली चर्चा 'माझ्या पाठीमागे केली' म्हणून पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावी लागेल. आणि मेसेजच्या बाबतीत व्हॉट्सॲप काही उघडं नाहीये. २०१६ पासून तिथले मेसेज एंड-टू-एंड एनक्रिप्टेड आहेत, म्हणजे तुमच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतात, मधे कंपनीलाही वाचता येत नाहीत, आणि गंमत म्हणजे त्याची पद्धत सिग्नलवाल्यांनी बनवलेलीच आहे. फरक आहे तो बाहेरच्या माहितीत. पोस्टमनला पत्रातलं कळत नाही पण कोण कोणाला किती वेळा लिहितं ते कळतं ना, तसं व्हॉट्सॲपला, म्हणजे त्याच्या मालकाला, मेटाला (पूर्वीचं फेसबुक), कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे, कोण कोणाशी कधी बोलतं हे कळतं. सिग्नल तेही जवळजवळ ठेवत नाही. ती ना नफा तत्त्वावरची संस्था आहे, आणि तिला २०१८ साली पाच कोटी डॉलर देऊन उभं करणारा माणूस म्हणजे ब्रायन ॲक्टन, व्हॉट्सॲप काढणाऱ्या दोघांपैकीच एक! फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतलं, नंतर तो तिथून बाहेर पडला. बाबा, तुम्हाला असल्या गोष्टी आवडतात म्हणून लिहिलं.

सोनावणे काकांचा मुलगा टेलिग्राम म्हणतोय, त्याला नाही म्हणा. प्रेमाने सांगा. टेलिग्राम मोठमोठ्या फाइल्सना आणि हजारोंच्या ग्रुपना बरं आहे, पण तिथल्या ग्रुपला एंड-टू-एंड एनक्रिप्शन नाहीच, सगळं त्यांच्या सर्व्हरवर राहतं. सीक्रेट चॅट म्हणून जे आहे ते फक्त दोघांत चालतं आणि ते वेगळं चालू करावं लागतं. तरी लोकांना वाटतं टेलिग्राम म्हणजे फार गुप्त, कुठून आलंय देव जाणे.

आणि ते अरट्टई नावाचं मेसेजिंग ॲप. स्वदेशी आहे, झोहो या आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपनीने बनवलंय, मला झोहोबद्दल आदरच आहे. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सगळीकडे त्याचा गाजावाजा झाला तेव्हा कॉलला एंड-टू-एंड एनक्रिप्शन होतं, साध्या मेसेजला नव्हतं, नंतर आणायला घेतलं त्यांनी. तुम्हाला मित्रांशी गप्पांसाठी ठेवायचं तर जरूर ठेवा. वारसांना मात्र त्याच्यावर ओढू नका, आत्तापर्यंत फॅमिलीतले चार ग्रुप चार ॲपवर मेलेले आहेत.

आता व्हॉट्सॲप ग्रुप काढल्यावर काय करायचं ते. सेटिंग नीट केली नाही तर वरचं सगळं वाया. ग्रुपच्या नावावर दाबलं की खाली 'ग्रुप परमिशन्स' येतं. तिथे नवीन माणसं ॲड करायचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा आणि 'अप्रूव्ह न्यू मेंबर्स' चालू करा. इन्व्हाइट लिंक कोणाला पाठवूच नका, लिंक एकदा फिरली की ज्याच्या हाती पडेल तो आत यायला बघतो. ॲडमिन दोघं ठेवा, तुम्ही आणि धाकटे काका. तुम्ही एकटेच असलात तर उद्या 'मोठ्याने हातात ठेवलं सगळं' असं होईल, सगळेच ॲडमिन झाले तर मग ॲडमिनला अर्थच नाही. 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' म्हणून एक आहे तेही चालू करा, त्याने कोणाला पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही, फोटो आपोआप सगळ्यांच्या गॅलरीत उतरत नाहीत आणि त्या चॅटमध्ये मेटा एआयला बोलावता येत नाही. स्क्रीनशॉट मात्र निघतोच हं, तो कोणी थांबवू शकत नाही.

ॲडमिन व्हायला घाबरू नका. तुम्ही म्हणत होतात ना, ग्रुपवर कोणी काही वेडंवाकडं टाकलं तर ॲडमिनला पोलीस धरतात, तर २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट सांगितलंय की मेंबरच्या पोस्टसाठी ॲडमिनला निव्वळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा हेतू होता असं दिसलं तरच. आणि आता ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, म्हणजे काकांनी रात्री अकरानंतर जे लिहायचं ते लिहिलं तर सकाळी उठून चहाच्या आधी काढून टाका.

डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे चोवीस तासांत, सात दिवसांत किंवा नव्वद दिवसांत आपोआप पुसले जाणारे, हे दादा म्हणतोय चालू करा. मी म्हणते वारसांच्या ग्रुपवर बंदच ठेवा. उद्या कोणी म्हणालं की मला मीटिंगचं कळवलंच नाही, तर दाखवायला काहीतरी हवं. व्हॉट्सॲपवरचं लिखाण कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकतं, त्याला सर्टिफिकेट वगैरे जोडावं लागतं पण येऊ शकतं, म्हणून रागात लिहिण्याआधी हे डोक्यात असू द्या. उलट बाजूने, ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दाखवला म्हणजे वाटणी झाली असं काही नसतं. आत्याला हिस्सा सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं, तिने 'ओके बाळ' लिहिलं म्हणून काही होत नाही. आणि ते पोल काढायचं खूळ नको, विकायचं का ठेवायचं असा पोल. कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं आणि एकदा बोट लागलं की माणूस हट्टाने तिथेच बसतो. तो विषय समोरासमोर बसूनच, शक्यतो जेवणानंतर.

कागदांचं जरा नीट वाचा. सातबारा ग्रुपवर टाकायला हरकत नाही, तो सरकारच्या महाभूलेख वेबसाइटवर कोणालाही बघता येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान आणि सहीचे नमुने हे मात्र ग्रुपवर अजिबात नाही. वकिलांना थेट नेऊन द्या, नाहीतर एकट्या वकिलांना पाठवा. आधारचं मास्क्ड आधार म्हणून मिळतं, शेवटचे चारच आकडे दिसतात, जिथे चालेल तिथे तेच द्या. 'व्ह्यू वन्स' करून फोटो पाठवला तर एकदाच उघडतो आणि स्क्रीनशॉट निघत नाही, पण दुसऱ्या फोनने फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार.

बॅकअप. व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो तेव्हा तो आपोआप कुलूपबंद नसतो, 'एंड-टू-एंड एनक्रिप्टेड बॅकअप' वेगळं चालू करावं लागतं, ते करा आणि त्याला पासवर्ड द्या. हा पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा काढून देत नाही, म्हणून कपाटातल्या त्या निळ्या डायरीत लिहा, फोनमध्ये नको. लगेच 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिनही लावा, दोघांच्या फोनवर. आईची जन्मतारीख नको, ती सगळ्या गावाला माहितीये.

आई, आता तुझ्यासाठी. फोनवर आलेला सहा आकडी कोड कोणी मागितला, अगदी काकूंच्या नंबरवरून मागितला तरी द्यायचा नाही, काकूंचा नंबर आधीच कोणीतरी पळवलेला असतो तेव्हा असे मेसेज येतात. आणि ग्रुपवर लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचा चलान म्हणून एपीके नावाची, म्हणजे फोनमध्ये ॲप घुसवणारी, फाइल आली तर हात लावू नकोस, पत्रिका ही फोटो नाहीतर पीडीएफच असते. चुकून पैसे गेलेच तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग मला. फोनमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' पण एकदा बघ, मागे शेजारच्या मुलाने प्रिंट काढायला तुझं व्हॉट्सॲप त्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं होतं, ते अजून चालू असेल तर आपलं सगळं तो वाचू शकतो. लॉग आऊट दाब.

आपल्या चौघांचं सिग्नल का, तर बाबांचे रिपोर्ट, तुमच्या एफडी, आणि घराच्या बाबतीत आपलं खरं काय ठरतंय ते. तिथे जाहिराती नाहीत, स्टेटससारखं 'स्टोरीज' आहे ते बंद करून टाकता येतं, आणि फॉरवर्डचा पूर नसल्याने कामाचा मेसेज सापडतो, माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा. आई, व्हॉइस मेसेज तिथेही जातो, अगदी तसाच, बटण दाबून बोलायचं. एक अडचण आहे, फोन हरवला आणि आधी बॅकअप चालू केलेला नसेल तर जुने मेसेज गेले. म्हणून रिपोर्टच्या कागदाची फाइल टाकून देऊ नका, सिग्नल म्हणजे काही कपाट नाही. तिथे मात्र डिसअपिअरिंग चालू करू, चार आठवड्यांचं.

रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल करते, दोन्ही फोन चार्ज करून ठेवा आणि बाबा, प्ले स्टोअरचा पासवर्ड शोधून ठेवा. दादाला मी सांगितलंय, त्याच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते पण तो जागा असतोच. वारसांचा ग्रुप या कॉलनंतरच काढा. आणि काढण्याआधी आत्याला फोन करा, ॲड झाल्यावर तिला कळायला नको.

तुमची,
मनू

ता.क. बाबा, ते तीन टिक आणि लाल टिकवालं फॉरवर्ड, सरकार मेसेज वाचतंय आणि कारवाई सुरू झाली म्हणणारं, ते खोटं आहे, सरकारच्याच माहिती कार्यालयाने, पीआयबीने, तसं सांगितलेलं आहे. तुम्ही कालच ते फॅमिली ग्रुपवर टाकलंत. डिलीट फॉर एव्हरीवन अजून चालेल, साधारण अडीच दिवस मुदत असते.