सहा महिन्यांची दोन वर्षं

व्हिएन्ना, फेब्रुवारीतला शेवटचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर मी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारलं, म्हणून लिहिते आहे. सहा महिन्यांसाठी म्हणून आले होते, पण मी मार्चमध्ये परत येत नाहीये. इथल्या विद्यापीठात भाषांतराच्या दोन वर्षांच्या एमएला प्रवेश मिळाला आणि मागच्या आठवड्यात फी भरून टाकली. विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही "तुझी इच्छा" म्हणाला असतात, आणि ते ऐकून मी भरलीच नसती.

फी सहामाहीला ७२६ युरो ७२ सेंट. बाबा, आकडा पुन्हा वाचा. आपल्याकडे अमेरिकेत एवढ्यात एक विषयसुद्धा होत नाही. माझ्या जुन्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता मीच भरत राहीन. विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा आहे, डॉक्टरकडे जायचं तर आधी बिलाची धास्ती नाही. आणि एकतिसाव्या वर्षी वर्गात बसणारी मी एकटी नाही. (दोघीजणी आहोत.)

आजी आपल्याकडे एडिसनला आली होती तेव्हा डॉक्टर काय म्हणतात ते तिला मीच सांगायचे ना? अकरा वर्षांची होते. एक शब्द मी गाळला होता, तो तुम्हाला नंतर कळला. मला कोणी रागावलं नाही. प्रवेशाच्या अर्जात "हा विषय का?" असा प्रश्न होता, तेव्हा तेच लिहिलं. जर्मनमध्ये.

आता आईच्या काळजीचं. पाणी नळाचंच पिते. आल्प्सच्या डोंगरातून १८७३ पासून नळाने येतंय, फिल्टर लागत नाही. कॅफेत कॉफीबरोबर न मागता पाण्याचा पेला येतो, त्यावर चमचा पालथा ठेवलेला. पाहुण्याला आधी पाणी, आजीसारखंच. दुकानं मात्र शनिवारी सहाला बंद होतात ती थेट सोमवारी उघडतात. पहिल्या रविवारी घरात अर्धा कांदा आणि तू दिलेली मेतकुटाची पुडी होती. मेतकूट-भात खाल्ला आणि थोडी रडले. थोडीच. आता शनिवारी पाचलाच पिशवी घेऊन निघते.

एक कबुली राहिलीय. तू दिलेला छोटा मिक्सर जळाला. मी पिन बदलणारा अडॅप्टर लावला होता, पण तो व्होल्टेज बदलत नाही. आपल्याकडे १२०, इथे २३०. खोबऱ्याची चटणी दोन सेकंद अशी काही फिरली की भांडंच उडतं की काय वाटलं, मग निळसर धूर. घरमालकीण धावत आली, तिला आधी वास आवडला! आता खलबत्ता घेतलाय. दुसरा मिक्सर पाठवू नका. खरंच नको.

बाबा, तुम्हीही मिरजेहून निघताना आजीला "दोनच वर्षं" म्हणाला होतात. हे टोमण्याने लिहीत नाहीये. खोडणार होते, पण पेनने लिहिलंय. मला एवढंच म्हणायचंय की तेव्हा तुम्ही तिला खोटं सांगत नव्हतात, हे मला आत्ता कळतंय. मी जुलैत येतेच आहे, पूर्ण महिना. माझी खोली आवरू नका, इस्त्रीचं टेबल आत नेलंत तरी चालेल.

आता ऐका. बाबा, बर्फ तुम्ही काढायचा नाही, शेजारच्या मुलाला वीस डॉलर द्या. साखर लिहिण्याची वही फ्रीजवरच ठेवा आणि खरे आकडे लिहा. सलग आठवडाभर ११० कुणाचेच येत नाहीत. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघताना केलेस तरी चालतील, पण कर. मे महिन्यात दोघं इकडे या. माझा पहिला मजला म्हणजे मोजायला गेलं तर तिसरा, इथे खालच्या दोन मजल्यांना वेगळीच नावं आहेत, पण लिफ्ट आहे, मी बघूनच घर घेतलं.

आणि घड्याळाचं लक्षात ठेवा. तुमचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, आमचं शेवटच्या. मधल्या दिवसांत सहाऐवजी पाचच तासांचा फरक. मी नेहमीसारखी रात्री नऊलाच फोन करेन, तेव्हा तुमच्याकडे तीन नाही, चार वाजलेले असतील. बाबा, तीनपासून फोनजवळ बसू नका. झोपा थोडं.

तुमची,
छकुली