सगळीच नावं 'तेजस्वी' कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही नावांच्या अर्थांची चौकट छापता, ती मी न चुकता वाचतो, पण हल्ली वाचून वैतागच येतो. बघावं ते नाव एकतर तेजस्वी, नाहीतर पराक्रमी, नाहीतर देवाची देणगी. परवा भाचीने बाळासाठी काढलेली नावं मोबाईलवर दाखवली, अकरा होती, त्यातल्या सातांचा अर्थ अॅपवर 'तेजस्वी' आणि स्वभाव झाडून सगळ्यांचा 'मनमिळाऊ'. म्हटलं अगं, ही बाळाची नावं आहेत की बल्बची यादी!

जरा जगातली नावं बघा. क्लॉडिया किती गोड वाटतं कानाला, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लंगडा. सेसिलियाच्या मुळाशी आंधळा, कॅल्विनच्या टकल्या, आणि कॅमेरॉन म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत चक्क वाकडं नाक. तरी लोक पिढ्यानपिढ्या ही नावं लावतायत आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. नाव ठेवताना डिक्शनरी कोण उघडतं हो? कुणी आजोबांचं ठेवतं, कुणी संताचं, कुणी त्या वर्षी गाजलेलं. अमेरिकेत मुलींमध्ये मेरी वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर होतं, १९४७ ला लिंडाने त्याला मागे टाकलं, आणि त्याच सुमाराला लिंडा नावाचं एक गाणं तिकडे तुफान चाललं होतं. मग १९७० ते १९८४ सलग जेनिफर पहिलं. म्हणजे तिकडची जेनिफर भेटली तर स्वभाव सोडा, वयाचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बांधता येतो.

आडनावांचं तर त्याहून वेगळं. आपल्याला वाटतं आडनाव म्हणजे हजारो वर्षांचा वारसा, पण कितीतरी देशांत ते सरकारी कागदासाठी आलंय. जपानमध्ये सगळ्यांना आडनाव सक्तीचं झालं १८७५ ला. तुर्कस्तानात १९३४ ला कायदा झाला आणि तिथले राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल यांना 'अतातुर्क', म्हणजे तुर्कांचा बाप, हे आडनाव मिळालं. फिलिपिन्सचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने १८४९ ला आडनावांची एक भलीमोठी यादीच काढली, अक्षरांप्रमाणे लावलेली, तिचे भाग वेगवेगळ्या ठिकाणी वाटले आणि लोकांना सांगितलं घ्या यातलं. म्हणून काही गावांत अजूनही बहुतेकांची आडनावं एकाच अक्षरावरून सुरू होतात. आता यात कसला अर्थ आणि कसला स्वभाव शोधायचा, ज्या गावाला जे पान आलं ते त्यांचं आडनाव!

व्हिएतनाममध्ये दर तिघांत साधारण एकाचं आडनाव न्गुयेन, त्यामागे तिथल्या राजघराण्यांचा मोठा हात, आणि आडनावाने हाक मारली तर अर्धी गल्ली वळेल म्हणा ना, लोक एकमेकांना स्वतःच्या नावानेच बोलवतात. कोरियात किम, ली आणि पार्क ही तीनच आडनावं मिळून जवळजवळ निम्मे लोक होतात. आइसलँडवाल्यांना तर बहुतेकांना आपल्यासारखं आडनावच नाही, जॉनचा मुलगा तो जॉनसन आणि मुलगी ती जॉन्सडॉटिर, त्यामुळे फोनची डिरेक्टरी पहिल्या नावाने लावायची.

आणि स्मिथ म्हणजे लोहार, जर्मनीत तोच श्मिट, हंगेरीत कोवाच, अरबीत हद्दाद. आडनाव पडलं तेव्हा गावात शेतकरी ढीगभर होते, पण लोहार एखादाच, त्यामुळे 'कोणता जॉन?' 'तो लोहार जॉन' एवढ्यावर भागायचं. ही अशी माहिती छापा की!

अजून एक. 'यंदाची टॉप नावं' छापता तेव्हा स्पेलिंगचं काय केलं ते पण सांगत जा. इंग्लंड-वेल्समध्ये २०२३ ला मुलांमध्ये मुहम्मद पहिलं आलं, पण तिथे प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात, त्याच नावाची अजून दोन स्पेलिंगं पहिल्या शंभरात होती. सगळी एकत्र धरली असती तर यादी वेगळी दिसली असती, आणि तुमच्या बातमीत यातलं अक्षरही नव्हतं.

पुरवणीतलं शब्दकोडं मात्र चांगलं असतं, ते बंद करू नका.

आपला,
एक जुना वाचक