मुख्याध्यापकांचा फोन शाळेचा होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून तोंडावर आला की सोलापुरात चौकाचौकांत शाळांचे फ्लेक्स चढतात. वर पदाधिकाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, मध्ये टक्केवारीसह मुलांचे चेहरे आणि अगदी तळाला, विजेच्या खांबाआड जाईल अशा जागी, ‘प्रवेश सुरू’. माध्यम कोणते, वर्ग कितवीपर्यंत, कागदपत्रे कोणती, चौकशी किती वाजता, यातले काहीच नाही. मग पालक कुणाकडून तरी मुख्याध्यापकांचा नंबर मिळवतो आणि फोन लावतो. ‘ब्रँडिंग’वर पैसे गेले आणि मुख्याध्यापकांचे काम मात्र वाढले.

मुख्याध्यापकांच्या ताणाचा विषय निघाला की अशैक्षणिक कामे, रिक्त पदे, ऑनलाइन माहिती हे मुद्दे येतातच, आणि ते खरे आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक शाळेचा पट १५० च्या वर असला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. त्यामुळे लहान शाळेत एखादे गुरुजी किंवा बाई दोन इयत्ता सांभाळून ‘प्रभारी’ असतात. लिपिकही तेच आणि कधी कधी घंटा देणारेही तेच. पदे भरणे शाळेच्या हातात नाही. पण एकच उत्तर चाळीस जणांना चाळीस वेळा देणे, आणि जे वेळेवर सांगितले नाही त्याची अफवा झाल्यावर ती निस्तरत बसणे, हा ताण शाळेला स्वतःच कमी करता येतो. या पत्रात तेवढ्यापुरतेच लिहीत आहोत.

सुरुवात फोनपासून. बहुतेक ठिकाणी शाळेचा नंबर म्हणजे मुख्याध्यापकांचा खासगी मोबाईल. रात्री साडेनऊला विचारणा येते, ‘सर, उद्या सुट्टी आहे का?’ मुख्याध्यापकांची बदली झाली की नंबरही त्यांच्याबरोबर जातो. मग पालक जुन्या सरांना फोन करत राहतात आणि सरकारी पोर्टलचा ओटीपी मिळवायला नवे सर जुन्या सरांच्या मागे. यावर उपाय साधा आहे. वेगळे सिम, एखादा जुना पण चालता अँड्रॉइड फोन आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप. त्यात कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप लावता येतो. दाखला, बोनाफाईड, शिष्यवृत्ती यांसाठी काय लागते याची उत्तरे साठवून एका टिचकीत पाठवता येतात. फोन उचलण्याच्या वेळा दोनच ठेवाव्यात: मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावरचा अर्धा तास. सकाळचा पहिला तास टाळावा, तेव्हा हजेरी आणि पोषण आहाराची नोंद चालू असते. फोन आठवड्याच्या पाळीने एकेका शिक्षकाकडे द्यावा आणि त्याच्याजवळ एक वही असावी. कोण, काय विचारले, काय सांगितले, एवढेच त्यात लिहायचे. महिन्याच्या अखेरीस वही चाळली की कोणते चार प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते दिसते. त्या चारांची उत्तरे फाटकावरच्या फलकावर गेली की फोन आपोआप कमी होतात.

हे फसते ते दोन ठिकाणी. मेच्या सुट्टीत रिचार्ज राहून जातो, सिम बंद पडते आणि पुढे तोच नंबर भलत्याच माणसाला मिळतो. भिंतीवर रंगवलेला नंबर मात्र तसाच. म्हणून रिचार्ज वर्षाचा, एकदाच, आणि सिम कुणाच्या नावावर घ्यायचे याचा शाळा व्यवस्थापन समितीत ठराव. दुसरे, सुरुवातीच्या पंधरवड्यात मुख्याध्यापकांनी भिडेखातर खासगी नंबरवर उत्तरे दिली की सगळे मुसळ केरात. तिथे एकच वाक्य द्यायचे: ‘कृपया शाळेच्या नंबरवर विचारा.’ चिकाटी लागते खरी.

आता पालकांचा व्हॉट्सॲप गट. सुप्रभात, वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली आणि त्यात कुठेतरी उद्याची सूचना. आठवड्याभरात निम्मे पालक गट म्यूट करतात, मग ‘आम्हाला कळवलेच नाही’ ही तक्रार येते आणि ती खोटीही नसते. सूचनांच्या गटात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१८ पासून आहे. ती चालू करावी, ॲडमिन दोघेच ठेवावेत. शासनाच्या परिपत्रकाचा तिरका स्कॅन तसाच पुढे ढकलू नये. सहा पानांतून आपल्यासाठी काय, हे शोधण्याचे काम पालकाचे नव्हे. सूचना अशी असावी:

‘इयत्ता ५ वी ते ७ वी. सोमवारपासून सकाळची शाळा. भरणार ७.३०, सुटणार ११.३०. पाण्याची बाटली आणावी. रिक्षावाल्या काकांना कळवले आहे.’

कुणासाठी, कधीपासून, किती वाजता, काय आणायचे. ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की’ इथून सुरुवात केली की मोबाईलच्या पडद्यावर दिसणारी पहिली ओळ वाया जाते. शेवटचे वाक्य मात्र सोडू नये. सकाळच्या शाळेच्या पहिल्या दिवशी जो गोंधळ होतो तो पालकांपेक्षा रिक्षा-व्हॅनवाल्यांना उशिरा कळल्यामुळे होतो. त्यांची नावे, नंबर आणि कोणती मुले कुणाच्या गाडीत, याची यादी वेगळी हवी आणि निरोप त्यांना आधी जायला हवा.

सूचना पाठवायची वेळ आदल्या दिवशी संध्याकाळी सात. घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कारखान्यावर जातो. सकाळी नऊला पाठवलेली सूचना आईला रात्री कळते. शिवाय हे सोलापूर आहे. शहराच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवर कन्नड, काही वस्त्यांत उर्दू. मुले मराठी वाचतात, आई वाचतेच असे नाही. म्हणून महत्त्वाची सूचना आवाजातही पाठवावी, तीस-चाळीस सेकंदांची, पालकांपैकीच कुणाच्या तरी तोंडून तेलुगू किंवा कन्नडमध्ये. बिड्या वळणाऱ्या बाईचे दोन्ही हात मांडीवरच्या सुपात गुंतलेले असतात. ती मजकूर उघडून वाचत बसणार नाही, पण शेजारी ठेवलेल्या फोनवरचा आवाज ऐकते, आणि तिच्याबरोबर ओट्यावर बसलेल्या आणखी चौघी ऐकतात. ज्या घरात असा फोनच नाही त्या मुलांच्या नावापुढे वर्गशिक्षकांच्या हजेरीत खूण असावी. त्यांच्या हाती चिठ्ठी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ती सहीसह परत घ्यायची.

पालकसभेबद्दल थोडक्यात. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत यात तास जातो आणि पालकांचे प्रश्न ‘वेळेअभावी’ राहतात. तेच प्रश्न मग आठवडाभर कार्यालयाच्या दारात उभे. सभा इयत्तावार, पंचवीस-तीस पालकांची, चाळीस मिनिटांची घ्यावी. शिक्षकांनी दहा मिनिटे बोलावे, बाकी ऐकावे. शहरात यंत्रमागाची पाळी सुटण्याची वेळ पाहून, गावात आठवडी बाजार टाळून, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा सोडून. हारतुऱ्यांसाठी स्नेहसंमेलन आहेच.

तक्रारींची वाट ठरलेली नसते म्हणून प्रत्येक तक्रार थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते, पेन्सिल हरवल्याचीसुद्धा. आधी वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, हा क्रम मुलांच्या दैनंदिनीच्या मागच्या पानावर छापावा. तक्रार वहीत लिहून घ्यावी, त्याच दिवशी ‘मिळाली’ असे कळवावे आणि तीन दिवसांत उत्तर द्यावे, उत्तर ‘हे आमच्याकडून होणार नाही’ असे असले तरी. पालक चिडतो तो नकारापेक्षा जास्त न मिळालेल्या उत्तराने.

मुलांच्या सुरक्षिततेची तक्रार मात्र या क्रमात बसवायची नाही. मारहाण, लैंगिक त्रास, नुसता संशय असला तरी ती थेट मुख्याध्यापकांकडे यावी. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक फाटकावर रंगवलेला हवा. ‘शाळेचे नाव खराब होईल’ म्हणून आधी संस्थेत बैठक, मग पालकांची समजूत, मग पोलीस, असा उलटा प्रवास जिथे होतो तिथे नाव तर जातेच, शिवाय मुख्याध्यापक आरोपी होतात. ब्रँडिंगचा सर्वांत महागडा गैरसमज हाच आहे.

अपघात, पोषण आहाराबद्दलची तक्रार, व्हॅन बंद पडणे, अतिवृष्टीची सुट्टी, अनोळखी माणसाची अफवा: या पाच प्रसंगांचे मसुदे आधीच लिहून फोनमध्ये ठेवावेत. पहिल्या तासात चारच गोष्टी सांगायच्या. काय झाले, मुले आत्ता कुठे आहेत, शाळेने काय केले, पुढचा निरोप किती वाजता. कारण आणि दोष यावर त्या तासात एक शब्दही नको. तो नंतर मागे घ्यावा लागतो. पुढच्या निरोपाची वेळ सांगितली की पालक तोपर्यंत थांबतात. नाही सांगितली की फाटकावर गर्दी होते आणि गर्दीतला प्रत्येक जण व्हिडिओ काढतो. आहाराबाबत चवीची नोंदवही (मुलांना वाढण्याआधी चाखून नोंद करायची वही) रोजच्या रोज भरलेली असेल तर उत्तर तिथेच तयार असते. महिन्याची पाने एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली असतील तर ती वही न दाखवलेलीच बरी!

अफवेला कुणी किरकोळ समजू नये. मुले पळवणाऱ्या टोळीच्या व्हॉट्सॲप अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यांत आपल्या मंगळवेढा तालुक्यातली माणसे होती. तसा संदेश पालकांच्या गटात आला की ‘खातरजमा करून कळवतो’ एवढ्यावर थांबू नये. पोलीस ठाण्यात फोन करून, जे कळले ते वेळेसह अर्ध्या तासात लिहावे.

राहिले नाव. शाळेचे नाव गूगल नकाशावर चुकीच्या जागी, चुकीच्या वेळेसह आणि कुणीतरी टाकलेल्या कचराकुंडीच्या फोटोसह दिसते, हे कित्येक शाळांना माहीतच नसते. दुरुस्तीला पैसे पडत नाहीत. शाळेच्या फोनवरून नोंदणी करून जागा, वेळ, नंबर आणि इमारतीचे तीन फोटो टाकावेत. लोक शाळेला ज्या नावाने ओळखतात तेही वर्णनात घालावे, कारण संस्थेचे नऊ शब्दांचे नाव कुणी शोधत नाही. फाटकावरच्या फलकावर माध्यम, इयत्ता, अकरा अंकी यू-डायस क्रमांक (शासनाच्या नोंदीतला शाळेचा क्रमांक), फोन, भेटीची वेळ आणि प्रवेशाची कागदपत्रे. फ्लेक्स एका पावसाळ्यात फाटतो, ऑइलपेंट काही वर्षे टिकतो.

गणवेशाचा रंगही नावच असतो. देशभरच्या शाळांचे गणवेश शिवणाऱ्या या शहरात काही शाळा दर दोन वर्षांनी स्वतःचा रंग बदलतात. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला चालत नाही, पालक कुरकुरतात आणि ती कुरकुर पुन्हा मुख्याध्यापकांच्याच दारात येते. एकच रंग दहा वर्षे ठेवला तर रस्त्यावरून जाणारे पोर कोणत्या शाळेचे, हे पानवालाही सांगतो.

मुलांचे फोटो समाजमाध्यमावर टाकताना चेहरा, पूर्ण नाव आणि वर्ग एकत्र देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. प्रवेश अर्जातच तशी ओळ आणि सही असावी. मुलांपेक्षा त्यांचे काम दाखवावे, मातीचे मडके, वाफ्यातली मेथी, वहीतले अक्षर. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा त्या गावाचे नाव जगाने ऐकले. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे त्यांचे काम त्याआधी कितीतरी वर्षे चालू होते. काम आधी, नाव मागून.

शेवटी वरच्या दिशेचा संवाद, कारण खरा घाम तिथे फुटतो. केंद्राचा म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाचा व्हॉट्सॲप गट, तालुक्याचा गट, जिल्ह्याचा गट, आणि तिन्हींवर तीच माहिती तीन वेगळ्या तक्त्यांत, ‘आज दुपारी दोनपर्यंत’. शाळेने आपल्या बाजूने एक पान तयार ठेवावे: मुले-मुली व प्रवर्गनिहाय पट, आधार वैध-अवैध संख्या, दिव्यांग विद्यार्थी, खोल्या, स्वच्छतागृहे, नळ, वीज, संगणक, मंजूर व कार्यरत पदे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते दुरुस्त करावे आणि संचमान्यतेचा (पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याचा) आधार असलेल्या ३० सप्टेंबरच्या पटाची प्रत वेगळी जपावी. बहुतेक तक्ते या पानावरून भरता येतात आणि वर्गावरचे शिक्षक उठवावे लागत नाहीत. तरीही ज्यांची झोप उडाली आहे, छातीत धडधडते आहे, अशा मुख्याध्यापकांनी १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर जरूर बोलावे. ‘साहेबांना कळेल’ ही भीती तिथे बाळगायचे कारण नाही.

जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्या शिक्षण विभागांना आमची विनंती एवढीच: माहिती मागण्याचा वार आठवड्यातून एक ठरवावा, तक्ता एकच असावा, मुदत किमान तीन कामकाजाचे दिवस असावी आणि जे यू-डायसवर आधीच भरलेले आहे ते पुन्हा मागू नये. ‘तातडीचे’ हा शब्द पूर, आग आणि अपघातासाठी राखून ठेवावा. सध्या तो मुतारीच्या फोटोसाठीही वापरला जातो.

आपले,
शाळा व्यवस्थापनाचे काम जवळून पाहणारे काही सोलापूरकर