एक्स्टेंडर बिघडलेला नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर तू म्हणालीस की राउटरचं वायफाय घरात पुढे पोचवणारा एक्स्टेंडर चालत नाही, म्हणून बाबा आता नवीनच आणणार. बाबा, एवढ्यात पैसे घालू नका. आपला जुना चांगला आहे. मागच्या आठवड्यात नेटवाल्याने राउटर बदलला, तेव्हापासूनच हा घोळ झालाय. एक्स्टेंडरकडे जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड आहे, तो अजून तेच शोधतोय. म्हणून त्याचा सिग्नलचा दिवा लाल आहे. मोबाइलवर सगळ्या दांड्या दिसतात, तरी व्हॉट्सअॅप चालत नाही, ते यामुळेच. त्या दांड्या फोन आणि एक्स्टेंडर यांच्यामधल्या. राउटरचं नेट एक्स्टेंडरपर्यंत येतंय की नाही, ते त्यांवरून कळत नाही.

आता एक्स्टेंडर ओटीवर राउटरजवळच्या प्लगात लावा आणि मिनिटभर थांबा. त्याच्या कडेला बारीक भोक आहे, त्यात सिमकार्डची पिन घालून आतलं बटण दहा सेकंद दाबून धरा. दिवे लुकलुकले की सोडा. तो पुन्हा सुरू झाला की राउटरमागचं डब्ल्यूपीएस लिहिलेलं बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरचं तसंच बटण दाबा. लाल दिवा हिरवा झाला की जमलं. पासवर्ड टाइप करायची गरजच नाही.

बटणाने नाही जमलं, तर मोबाइलवरून करावं लागेल. मोबाइल डेटा आधी बंद करा, नाहीतर फोन मधेच तिकडे पळतो. एक्स्टेंडरच्या मागच्या स्टिकरवर त्याच्या वायफायचं नाव आहे, ते जोडा. ‘इंटरनेट नाही’ असं फोन म्हणेल, पण त्याच वायफायवर राहा. पुढचं आपण बाबांच्या दुसऱ्या फोनवर बोलत बोलत करू. नवीन राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड वहीत उतरवून ठेवा, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं जशीच्या तशी. नव्या राउटरचं डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, जुन्या एक्स्टेंडरला झेपत नसेल, तर ते डब्ल्यूपीए२ वर आणायचं. ते मी सांगेन.

जोडणी झाली की तो मागच्या पडवीत नेऊ नका. माझ्या मते पूर्वीही त्याची जागा चुकतच होती. पडवीत रेंज नाही म्हणून एक्स्टेंडर पडवीत, असं वाटणं साहजिक आहे, पण तो निरोप्यासारखा आहे, त्याला स्वतःला ऐकू आलं तरच पुढे सांगणार. आपल्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड, त्यांतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल फारसा जात नाही, २.४ गिगाहर्ट्झचा हळू सिग्नल त्यापेक्षा बरा जातो. माजघरात देव्हाऱ्याजवळचा प्लग बरोबर मधोमध आहे, तिथे लावा. लोखंडी कपाटामागे नको. वेग थोडा कमी मिळेल, पण व्हिडिओ कॉलला पुरतो.

लाइट जाऊन आली की आधी राउटर पूर्ण सुरू होऊ द्या, मग एक्स्टेंडरचं बटण चालू करा.

आणि बाबा, हे जमेपर्यंत रेंजसाठी रात्री अंगणात उतरू नका. पायऱ्यांवर शेवाळ आलंय असं आईच म्हणाली, मला त्याची फार काळजी वाटते. रात्री काही लागलं तर साधा फोन करा, मी उचलेन.

शनिवारी संध्याकाळी सातला फोन करते. चष्मा, पिन आणि वही ओटीवर आणून ठेवा.

तुमची,
मनू